वेढ्यातला यिर्मया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यिर्मया हा बाबेलने यरुशलेमला वेढा घालून ते पाडलं त्या काळचा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा. त्याच्या नावाच्या पुस्तकात ५२ अध्याय आहेत आणि ते काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. त्यामुळे वाचकांच्या बहुतेक शंका फिरून एकाच जागी येतात: हे वाक्य कोणत्या वर्षी, वेढ्याच्या कोणत्या टप्प्यावर बोललं गेलं? तारीख कळली की निम्मं कोडं सुटतं, असा आमचा अनुभव आहे. खालची नावं मराठी पवित्र शास्त्रात येतात तशीच ठेवली आहेत. कंसातले आकडे अध्याय आणि वचनाचे आहेत, आणि पुस्तकाचं नाव दिलेलं नसेल तिथे यिर्मयाचं पुस्तक समजावं.

१. यिर्मया कुठला, आणि त्याने किती वर्षं काम केलं?

तो अनाथोथचा. हे बन्यामीन वंशाच्या प्रदेशातलं याजकांचं गाव यरुशलेमच्या ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटरवर होतं. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ च्या सुमारास, त्याला पाचारण झालं (१:२). यरुशलेम पडल्यानंतरही तो बोलत होता. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ आणि पाच राजे: योशीया, यहोआहाज, यहोयाकीम, यहोयाखीन, सिद्कीया. लग्न करायची त्याला मनाई होती (१६:२). सोबतीला होता नेरीयाचा मुलगा बारूख, त्याचा लेखक.

२. हे युद्ध नेमकं कोणाचं कोणाशी होतं?

मुळात दोन मोठ्या सत्तांचं. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं आणि अश्शूरचं (असिरियाचं) साम्राज्य कोसळलं. त्या रिकाम्या जागेसाठी मिसर (इजिप्त) आणि बाबेल (बॅबिलोन) भिडले, आणि यहूदाचं छोटं राज्य दोघांच्या वाटेत आलं. ६०९ मध्ये मिसरचा फारो (राजा) नखो उत्तरेकडे निघाला असताना मगिद्दो इथे योशीया मारला गेला. ६०५ मध्ये फरात नदीकाठी कर्कमीश इथे बाबेलच्या युवराजाने, म्हणजे नबुखद्रेस्सराने, मिसरी सैन्याचा धुव्वा उडवला. त्यानंतर यहूदा बाबेलचं मांडलिक झालं.

६०१ च्या हिवाळ्यात मिसरच्या सीमेवर बाबेलच्या सैन्याला मोठी हानी सोसावी लागली. त्या सुमारास यहोयाकीमने खंडणी थांबवली. पुढची पंधरा वर्षं यरुशलेमच्या दरबारात वाद एकच होता: मिसरच्या भरवशावर बंड करायचं, की बाबेलला मान तुकवून शहर वाचवायचं? यिर्मया दुसऱ्या बाजूचा होता.

३. यरुशलेमला वेढा किती वेळा पडला?

दोनदा, आणि हे दोन वेढे वाचताना सर्रास एकत्र होतात.

पहिला थोडक्यात आटोपला. बाबेलच्या बखरीची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात नबुखद्रेस्सराच्या सातव्या वर्षी ‘यहूदाच्या शहराला’ वेढा घातल्याची आणि अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी शहर घेतल्याची नोंद आहे. ती तारीख १६ मार्च, इ.स.पू. ५९७. यहोयाकीम त्याआधीच मेला होता. त्याचा मुलगा यहोयाखीन तीन महिने गादीवर बसून शरण गेला आणि त्याला बाबेलला नेलं. त्याचा काका मत्तन्या याला ‘सिद्कीया’ असं नवं नाव देऊन बाबेलनेच गादीवर बसवलं.

दुसरा वेढा सिद्कीयाच्या नवव्या वर्षाच्या दहाव्या महिन्यातल्या दहाव्या दिवशी सुरू झाला (५२:४), म्हणजे साधारण जानेवारी ५८८. मधे मिसरचा फारो हफ्रा सैन्य घेऊन निघाला, तेव्हा बाबेलने काही काळ वेढा उठवला (३७:५). मिसरी सैन्य माघारी गेलं आणि मोर्चे पुन्हा लागले. अकराव्या वर्षाच्या चौथ्या महिन्यात, नवव्या दिवशी तटाला खिंडार पडलं. राजा रात्री यरीहोच्या बाजूला पळाला, पण पकडला गेला. रिब्ला इथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. महिन्याभराने बाबेलचा सरदार नबूजरदान आला आणि मंदिर, राजवाडा, घरं जाळली.

४. शहर नक्की कशामुळे पडलं: तट फुटल्यामुळे, की उपासमारीमुळे?

दोन्हींमुळे, पण आधी भूक. पाण्याची सोय बरी होती. शंभरेक वर्षांपूर्वीच्या हिज्कीया राजाच्या काळात खडकातून खोदलेला ५३३ मीटरचा बोगदा गीहोन झऱ्याचं पाणी तटाच्या आत आणत होता. धान्याचं तसं नव्हतं. त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, जव एप्रिलच्या आसपास आणि गहू मे-जूनमध्ये कापणीला येतो. जानेवारीत वेढा पडला म्हणजे पेरलेलं शेत तटाबाहेर शत्रूच्या हाती गेलं. पुढच्या वसंतातलं पीकही तसंच गेलं. ५२:६ सांगतं की चौथ्या महिन्यात लोकांना भाकर उरली नव्हती. महिना उन्हाळ्याचा आहे, तेव्हा दारात नवा गहू यायला हवा.

कैदेतल्या यिर्मयाला ‘भटाऱ्यांच्या आळीतून’ रोज एक भाकर मिळत असे, शहरातली सगळी भाकर संपेपर्यंत (३७:२१). वेढ्यातला शिधा असा मोजून मिळत होता.

५. इ.स.पू. ५८७ की ५८६? प्रत्येक पुस्तकात वेगळं का?

प्रश्न ३ मधली बाबेलची बखर ५९४ च्या पुढे उपलब्धच नाही. त्यामुळे ५९७ ची तारीख पक्की आहे, पण शहराच्या अंतिम पाडावाला तसा बाहेरचा दाखला नाही. मग सगळी मदार यहूदाचं राजवर्ष कधी सुरू होतं यावर राहते. वसंतातल्या नीसानपासून मोजलं तर वेढा दीड वर्षाचा होतो आणि शहर जुलै ५८७ मध्ये पडतं. शरदातल्या तिश्रीपासून मोजलं तर अडीच वर्षं आणि जुलै ५८६. भर म्हणून ५२:१२ नबुखद्रेस्सराचं एकोणिसावं वर्ष म्हणतं, तर ५२:२९ अठरावं. लिहिताना ‘५८७/५८६’ लिहिणं सर्वांत प्रामाणिक. एकाच लेखात मात्र दोन्ही गणती मिसळू नयेत.

६. पुस्तक कोणत्या क्रमाने वाचावं म्हणजे युद्धाचा ओघ कळेल?

असा क्रम धरा:

योशीयाच्या काळासाठी १ ते ६. यहोयाकीमच्या सुरुवातीसाठी २६ आणि त्याच्या जोडीला ७, कारण दोन्हींत मंदिराच्या दारातलं तेच भाषण आहे. कर्कमीशच्या वर्षासाठी २५, ४५ आणि ४६:१-१२. मग ३६. पहिल्या शरणागतीसाठी २२:२४-३० आणि २४. दोन वेढ्यांच्या मधल्या काळासाठी २७, २८, २९. दुसऱ्या वेढ्यासाठी २१, ३४, ३७, ३२, ३३, ३८. पाडावानंतरसाठी ३९ ते ४४ आणि शेवटी ५२.

दोन ठिकाणी पाय घसरतो. अध्याय २१ सिद्कीयाच्या शेवटच्या युद्धातला आहे, पण पुस्तकात तो यहोयाकीमच्या अध्यायांच्या आधी येतो. आणि २७:१ मध्ये हिब्रूच्या बहुतेक हस्तलिखितांत यहोयाकीमचं नाव आहे, पण त्याच अध्यायातली ३ री आणि १२ वी वचनं सिद्कीयाचं नाव घेतात. घटना सिद्कीयाच्या काळातली आहे. पहिल्या वचनातलं नाव नकलनविसाची चूक मानतात.

७. राजाने गुंडाळी जाळली त्या दिवसाचा युद्धाशी काय संबंध?

फार जवळचा. यहोयाकीमच्या पाचव्या वर्षी नवव्या महिन्यात यरुशलेममध्ये उपास जाहीर झाला आणि बारूखने मंदिरात यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी वाचली (३६:९-१०). हा ६०४ चा डिसेंबर. बाबेलच्या बखरीप्रमाणे त्याच महिन्यात, किसलेवमध्ये, नबुखद्रेस्सराने किनाऱ्यावरचं अष्कलोन उद्ध्वस्त केलं. म्हणजे वाचन चाललं होतं तेव्हा बाबेलचं सैन्य थोड्याच दिवसांच्या मजलेवर होतं. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की लेखकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापून तो शेगडीत टाकत होता. यिर्मयाने मग सगळा मजकूर बारूखला पुन्हा सांगितला आणि त्यात भर घातली (३६:३२).

८. यशयाने शहर वाचेल असं सांगितलं, यिर्मयाने पडेल असं. मग खरा संदेष्टा कोण?

दोघेही, आपापल्या वेढ्यात. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची गावं घेतली, पण यरुशलेम त्याच्या हाती लागलं नाही. यशयाचा शब्द त्या प्रसंगाचा होता. शंभर वर्षांत त्याचा नियम झाला: मंदिर इथे आहे, म्हणून शहर पडणारच नाही. यिर्मया ७:४ मध्ये ‘परमेश्वराचे मंदिर’ हे शब्द तीनदा उच्चारतो, ते लोकांच्या तोंडचं पालुपद म्हणून. उत्तरात तो शिलोचं उदाहरण देतो. तिथेही पवित्रस्थान होतं आणि ते उजाड झालं.

या भाषणावरून त्याला मृत्युदंड मागितला गेला. काही वडीलधाऱ्यांनी मीखा संदेष्ट्याचा दाखला काढला, की त्यानेही सियोन नांगरलं जाईल असं म्हटलं होतं आणि हिज्कीयाने त्याला मारलं नव्हतं (२६:१८-१९). यिर्मया वाचला. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा तेच बोलला, तो मिसरला पळाला, तर यहोयाकीमने त्याला तिथून आणवून ठार केलं (२६:२०-२३). फरक पाठिंब्याचा होता: यिर्मयामागे शाफानचा मुलगा अहीकाम उभा राहिला. शाफानचं घराणं पुढेही त्याला सांभाळताना दिसतं (प्रश्न १२ आणि १५).

९. ‘शत्रूला शरण जा’ म्हणणारा यिर्मया देशद्रोही नव्हता का?

त्याच्यावर आरोप हाच होता. वेढा चालू असताना तो उघड सांगत होता, की शहरात राहील तो तलवारीने, दुष्काळाने, मरीने मरेल. खास्द्यांकडे, म्हणजे बाबेलच्या सैन्याकडे, जाईल तो जिवानिशी सुटेल (२१:९). सरदारांचा अभिप्राय: हा सैनिकांचे हात गळवतो (३८:४). लढणाऱ्या सेनापतीच्या जागेवरून पाहिलं तर तक्रार बिनबुडाची नाही, आणि ती तशी मान्य केल्याशिवाय त्या अध्यायांचा ताण कळत नाही.

तरी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, सिद्कीयाने नबुखद्रेस्सराशी देवाच्या नावाने शपथ वाहिली होती (२ इतिहास ३६:१३). बाबेलमध्ये राहणारा संदेष्टा यहेज्केल आपल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात त्याच शपथभंगाबद्दल राजाला दोष देतो. म्हणजे ते बंड राजाने स्वतः देवाला साक्षी ठेवून दिलेलं वचन मोडून केलं होतं. दोन, यिर्मयाने सल्ला वेढ्यात बदलला नाही. सहा वर्षं आधी, अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोनचे वकील यरुशलेमात बंडाची मसलत करायला जमले, तेव्हाही तो गळ्यात जू घालून हेच सांगत होता (अध्याय २७). तीन, शहर पडल्यावर बाबेलने त्याला सन्मानाने सोबत येण्याचा पर्याय दिला आणि त्याने उरलेल्या गरीब लोकांत राहणं पत्करलं (४०:४-६). फितुराने बक्षीस नाकारलं नसतं.

१०. वेढा उठल्यावर तो शहराबाहेर का चालला होता? पळत होता का?

नाही. बन्यामीन प्रांतात घराण्याच्या जमिनीतला आपला वाटा घ्यायला तो निघाला होता (३७:१२). बन्यामीन वेशीवर पहारेकऱ्याने ‘खास्द्यांना मिळायला चाललास’ म्हणून धरलं. त्याची शिकवण पाहता संशय स्वाभाविक होता. मार बसला आणि योनाथान लेखकाच्या घरातल्या तळघरात कैद झाली.

त्याच मधल्या काळात आणखी एक प्रकार घडला. वेढ्यात असताना शहराने करार करून आपले हिब्रू दास-दासी मुक्त केले होते, आणि शत्रू हटताच मालकांनी त्यांना पुन्हा धरून आणलं (३४:८-११). वेढ्यात दास पोसावे लागतात आणि मोकळा माणूस तटावर उभा करता येतो, हा हिशेब त्यामागे असावा असं अनेक अभ्यासक मानतात. यिर्मयाचा राग पुस्तकात इतका धारदार क्वचितच होतो: तुम्ही दासांना ‘मोकळीक’ दिली नाही, तर मी तुम्हांला तलवारीला, मरीला, दुष्काळाला मोकळं करतो (३४:१७).

११. शहर पडणार हे माहीत असताना त्याने शेत का विकत घेतलं? १७ शेकेल म्हणजे किती?

चुलतभाऊ हनामेल अनाथोथचं शेत विकायला आला. जमीन घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून सोडवून घ्यायचा हक्क जवळच्या नातेवाइकाचा होता. ते गाव तेव्हा वेढा घालणाऱ्या सैन्याच्या ताब्यातल्या मुलखात होतं, म्हणजे ताबा मिळणं अशक्यच.

यहूदात तेव्हा नाणी नव्हती, चांदी तराजूत तोलून देत (३२:१०). त्या काळची दगडी वजनं सापडली आहेत. त्यांवरून एक शेकेल साधारण ११.३ ग्रॅम, म्हणजे आपल्या तोळ्याच्या अगदी जवळ. सतरा शेकेल म्हणजे सुमारे १९२ ग्रॅम, साडेसोळा तोळे चांदी. शेताचं क्षेत्रफळ दिलेलं नाही, म्हणून भाव स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही.

खरेदीखताची रीत बारकाईने दिली आहे. दोन प्रती: एक मोहरबंद, एक उघडी. उघडी वाचायला, मोहरबंद वाद झाल्यास फोडायला. साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि मग दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवल्या, ‘पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून’ (३२:१४). शरण जा म्हणणारा माणूस त्याच वेढ्यात याच जमिनीत पुन्हा घरं आणि शेतं विकत घेतली जातील म्हणून पैसे मोजतो. प्रश्न ९ चं उत्तर या व्यवहाराशिवाय अपुरं आहे.

१२. याला जमिनीतून काही पुरावा मिळाला आहे का?

चांगलाच. १९३५ मध्ये लाखीशच्या वेशीजवळच्या पहाऱ्याच्या खोलीत जेम्स लेस्ली स्टार्की यांना शाईने लिहिलेल्या खापऱ्या मिळाल्या. चौथ्या खापरीत लिहिणारा म्हणतो, आम्ही लाखीशच्या खुणेच्या जाळावर लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. ३४:७ नुसार त्या वेळी लाखीश आणि अजेका एवढीच तटबंदीची नगरं उरली होती. ही खापरी अजेका पडल्यानंतरची, असं बरेच जण धरतात. पण त्या जागेवरून अजेका दिसतच नव्हतं एवढाही अर्थ निघू शकतो. सहाव्या खापरीत ‘हात गळवणारे’ शब्द अशी तक्रार आहे, म्हणजे ३८:४ चाच वाक्प्रचार. तिसरीत ‘संदेष्टा’ असा उल्लेख आहे. तो यिर्मया, असं ठामपणे सांगणारे लेख बाजूला ठेवा. खापरीवर नाव नाही.

दुसरा पुरावा मोहरांच्या मातीचा. दस्त दोरीने बांधून गाठीवर ओली माती दाबत आणि तीवर शिक्का मारत. शहर जळलं तेव्हा कागद गेले, पण माती भाजून पक्की झाली. १९८२ मध्ये यिगाल शिलो यांच्या उत्खननात ‘शाफानचा मुलगा गमऱ्या’ हा ठसा मिळाला. गुंडाळी जाळू नका म्हणून राजाला विनवणाऱ्यांत हे नाव आहे (३६:२५). एलात मझार यांना ‘शलेम्याचा मुलगा यहूकल’ आणि ‘पशहूरचा मुलगा गदल्या’ हे ठसे मिळाले. ३८:१ मध्ये यिर्मयाच्या शत्रूंच्या यादीत दोन्ही नावं आहेत. बारूखच्या नावाचा प्रसिद्ध ठसा मात्र पुरावा म्हणून वापरू नये. तो बाजारातून आला आणि आता बनावट मानला जातो.

१३. ‘माझे संकल्प हिताचे आहेत’ (२९:११) हे वचन कोणाला उद्देशून आहे?

५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं ते वाक्य आहे. कॅलेंडरवर ते एकटं छापलं जातं, पण त्याच्या आधीचं दहावं वचन सत्तर वर्षं म्हणतं. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतणं दिसणार नव्हतं. म्हणून घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहराचं हित पाहा, असा सल्ला आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा त्याच काळात दोन वर्षांत सगळे परततील असं सांगत होता (२८:३). दोघांतलं लोकांना काय आवडलं असेल ते उघड आहे.

१४. सत्तर वर्षं मोजायची कुठून?

२९:१० चा रोख बाबेलच्या सत्तेवर आहे. ६०९ ते ५३९ धरलं तर अश्शूरच्या अखेरच्या पराभवापासून बाबेल पारसाचा राजा कोरेश (सायरस) याच्या हाती जाईपर्यंत नेमकी सत्तर होतात. मंदिर पडल्यापासून ५१५ मध्ये ते पुन्हा उभं राहीपर्यंतही साधारण तेवढीच, आणि जखऱ्या १:१२ ची गणती त्या बाजूची आहे. सत्तर हा त्या काळचा ठरीव आकडाही होता. अश्शूरचा राजा एसरहद्दोन बाबेल सत्तर वर्षं ओसाड राहण्याचा दैवी आदेश होता असं लिहितो, आणि बाबेलचा देव मर्दुक याने आकडा उलटा करून अकरा केला असंही. तिथल्या क्यूनिफॉर्म (कीलाकार) लिपीत सत्तरची खूण फिरवली की अकरा होते.

१५. शहर पडल्यावर त्याचं काय झालं?

बाबेलने अहीकामचा मुलगा गदल्या याला अधिकारी नेमलं. ठाणं मिस्पा. यिर्मया त्याच्याकडे राहिला. सातव्या महिन्यात राजघराण्यातल्या इश्माएलने गदल्याचा खून केला. बाबेलच्या सूडाच्या भीतीने उरलेले लोक मिसरला निघाले. यिर्मयाने जाऊ नका सांगितलं, तरी त्यालाही घेऊन तहपन्हेसला गेले (४३:७). त्याच्या मृत्यूची नोंद पुस्तकात नाही.

१६. किती लोक पाडाव करून नेले? आकडे जुळत नाहीत.

२ राजे २४:१४ पहिल्या खेपेचे दहा हजार सांगतं, दोनच वचनांनी सात हजार योद्धे आणि एक हजार कारागीर. ५२:२८-३० मध्ये तीन खेपा आहेत: ३,०२३, ८३२, ७४५, एकूण ४,६००. दुसरी यादी इतकी नेमकी आहे की ती सरकारी मोजणीवरून आली असावी. कदाचित फक्त कर्ते पुरुष मोजले असतील. बेरीज करायची तर एकाच यादीतली करा. स्वतः यहोयाखीनचा दाखला बाबेलमध्येच मिळाला आहे: त्याला आणि त्याच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या तेलाच्या नोंदींच्या पाट्या, अर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या.

१७. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांचा ‘बिरड्याचा रोजा’ याच घटनेचा का?

हो. तो अव महिन्याच्या नवमीचा उपास, दोन्ही मंदिरांच्या नाशाच्या शोकाचा. नाव सोललेल्या मोडाच्या वालांवरून, म्हणजे बिरड्यांवरून आलं. आता तिथीचा घोळ: २ राजे २५:८ मध्ये पाचव्या महिन्याचा सातवा दिवस आहे, यिर्मया ५२:१२ मध्ये दहावा. तालमुद हा यहुदी परंपरेचा ग्रंथ मेळ घालतो, की शत्रू सप्तमीला आत शिरला, नवमीच्या संध्याकाळी आग लावली आणि दशमीभर मंदिर जळत राहिलं. त्या दिवशी वाचतात ते विलापगीत परंपरेने यिर्मयाचं मानलं जातं, पण त्याच्या मजकुरात लेखकाचं नाव नाही.

१८. त्याचं बोलणं कुठे खरं ठरलं नाही, असं आहे का?

अशा जागा आहेत आणि त्या टाळू नयेत. यहोयाकीमला गाढवाची मूठमाती मिळेल असं २२:१९ म्हणतं, पण २ राजे २४:६ तो आपल्या पूर्वजांजवळ निजला एवढंच सांगतं. सिद्कीयाला ‘तू शांतीने मरशील’ असं ३४:५ मध्ये आहे, आणि त्याचा शेवट आंधळा होऊन बाबेलच्या कैदेत झाला (५२:११). काही जण ते वचन शरण जाण्याच्या अटीवर धरतात, कारण ३८:१७ मध्ये तशी अट स्पष्ट आहे. काहींच्या मते ‘तलवारीने मरणार नाहीस’ एवढाच त्याचा अर्थ. नबुखद्रेस्सर मिसरवर चालून जाईल असं ४३ व्या अध्यायात आहे. त्याच्या सदतिसाव्या वर्षी, म्हणजे ५६८/५६७ मध्ये, मिसरवरच्या मोहिमेचा उल्लेख असलेली एक पाटी आहे, पण ती इतकी फुटलेली आहे की निकाल वाचता येत नाही.

हिब्रू प्रत आणि जुनी ग्रीक प्रत हाही इथलाच मुद्दा. ग्रीक पाठ सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या काही हिब्रू तुकड्यांचा पाठही तसाच आखूड आहे. ५२:२८-३० मधली मोजणी (प्रश्न १६) त्या ग्रीक पाठात नाही. म्हणून एखाद्या वचनावर तारखेचा मोठा इमला बांधण्याआधी ते दोन्ही पाठांत आहे का, हे पाहून घ्यावं.